जपानी बाळनावं आणि त्यांचे अर्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जपानी शिकवते. त्याआधी काही वर्षं तोक्योत निशी-कासाई भागात राहिले, लेकीचा जन्म तिथलाच. त्यामुळे ओळखीत कुणाकडे गोड बातमी असली की मला मेसेज येतोच, अगं एखादं जपानी नाव सुचव ना, छोटंसं, गोड, आणि अर्थ मस्त पाहिजे. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय.

‘रेन म्हणजे कमळ’ असं एका यादीत वाचलं. बरोबर आहे ना?

अर्धंच बरोबर आहे, आणि ह्याच प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी वाचा कारण पुढचं सगळं ह्यावर उभं आहे. जपानी नाव नुसतं कानाने ऐकून त्याचा अर्थ सांगता येत नाही. अर्थ असतो कांजीत, म्हणजे चीनमधून आलेल्या त्या चित्रासारख्या अक्षरांत. कमळाचं अक्षर काढून त्याला रेन म्हटलं तर कमळ. पण धातू तावून सुलाखून घेणं ह्या अर्थाचंही एक अक्षर आहे, तेही रेनच वाचतात. प्रेमात पडण्यातल्या प्रेमाचं अक्षर, तेही रेन.

आपल्याकडे कमल म्हटलं की विषय संपला, तिकडे तसं नाही. हारुतो हे मुलाचं नाव बरीच वर्षं प्रचंड चालतंय, पण एका वर्गात तीन हारुतो असले तर एकाचा ‘सूर्य आणि भरारी’, दुसऱ्याचा ‘वसंत आणि माणूस’, तिसऱ्याचा ‘निरभ्र आभाळ आणि माणूस’ असू शकतो. युकीचं तसंच, बर्फही युकी आणि सुखही युकी. म्हणून कुणी विचारलं की ह्या नावाचा अर्थ काय, तर माझा पहिला प्रश्न असतो, लिहिलंय कसं? तुम्हीही नाव आवडलं की आधी कागदावर कांजी उतरवून घ्या आणि मगच अर्थ सांगत फिरा. नुसता उच्चार आवडला म्हणून ठेवलं तर त्यात काही गैर नाही, फक्त मग ‘जपानीत ह्याचा अर्थ अमुक’ असं छातीठोकपणे सांगू नका.

एखाद्या अक्षरात एवढं काय असतं?

माझं सगळ्यात आवडतं अक्षर सांगते. ‘यू’ असं वाचलं जातं, प्रेमळ, कोमल, आणि सरस असाही अर्थ आहे. युका, युतो, युना, असंख्य नावांत हेच येतं. एकूण सतरा रेघा. डावीकडे दोन रेघांचा उभा माणूस, आणि उजवीकडे बाकीचं सगळं मिळून जे अक्षर होतं त्याचा अर्थ काळजी, दुःख. माणूस आणि त्याच्या शेजारी दुःख. माझ्या जपानी शिक्षिका म्हणायच्या की दुसऱ्याच्या दुःखाशेजारी जो उभा राहतो तो प्रेमळ. भाषाशास्त्रात अक्षराची व्युत्पत्ती काय असेल ती असो, तिकडच्या आया हेच सांगतात आणि हेच मनात धरून बाळाचं नाव ठेवतात. मी ते अक्षर पहिल्यांदा घोटलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं.

प्रेमाचं ‘आई’ हे अक्षर (हो, उच्चार अगदी आपल्या आईसारखा!) बघितलंत तर त्याच्या बरोबर मधोमध हृदयाचं चिन्ह बसलेलं दिसतं. सम्राटांच्या लेकीचं, २००१ मध्ये जन्मलेल्या राजकन्या आइकोचं नाव ह्याच अक्षराने सुरू होतं, आणि ते घेतलंय मेन्शियस ह्या जुन्या चिनी तत्त्ववेत्त्याच्या वचनातून.

थोडी नावं सांगा ना, प्रत्यक्ष ठेवता येतील अशी.

सांगते, पण कंसात न सांगितलेली अट तीच, अर्थ नेहमीच्या कांजीप्रमाणे. मुलींसाठी हाना म्हणजे फूल, आकारी म्हणजे उजेड, नोझोमी म्हणजे आशा, मेगुमी म्हणजे कृपा किंवा वरदान, हिनाता म्हणजे जिथे ऊन पडतं ती जागा (हे मुलालाही चालतं). आओई हे एका फुलझाडाचं नाव, तेही दोघांना चालतं. त्सुमुगी मला फार आवडतं, हाताने काढलेल्या सुताचं रेशमी कापड, आणि त्याच शब्दापासूनचं क्रियापद म्हणजे सूत कातणं. ज्यांच्या घरात पैठणीची कदर आहे त्यांना हे नाव लगेच कळेल.

मुलांसाठी सोरा म्हणजे आकाश, रिकु म्हणजे जमीन, मिनातो म्हणजे बंदर, दाइची म्हणजे विशाल धरती, माकोतो म्हणजे खरेपणा.

कोहारुबद्दल वेगळं सांगायला हवं कारण सगळ्या याद्यांमध्ये ‘छोटा वसंत’ लिहून मोकळे होतात. शब्दशः तेच आहे, पण जपानी माणसाला कोहारु म्हटलं की आठवतात थंडीच्या सुरुवातीचे ते मोजके उबदार दिवस, जुन्या पंचांगाचा दहावा महिना. थंडी सुरू झालीये आणि मधेच एक दिवस छान ऊन पडतं ना, ते. एप्रिलमध्ये जन्मलेल्या बाळाला ठेवलं तर कुणी अडवणार नाही, पण नोव्हेंबरच्या बाळाला जास्त शोभतं.

ऋतूचं भान तिकडे खूपच आहे. आपल्याकडे चैत्राली, श्रावणी, कार्तिक तसं तिकडे यायोई म्हणजे तिसरा महिना, सात्सुकी पाचवा, हाझुकी आठवा. साकुरा अर्थातच चेरीचा मोहोर, आणि सुंदरच आहे, फक्त काही वयस्कर मंडळी नाक मुरडतात कारण तो मोहोर आठवड्याभरात गळून जातो.

नावावरून मुलगा की मुलगी कसं ओळखायचं?

शेवट बघायचा. रो, ता, सुके, हिको, की, तो असं काही असलं तर बहुतेक मुलगा. को, मी, का, ना, ए असलं तर बहुतेक मुलगी. ‘को’ म्हणजे मूल. आपल्या आजीच्या पिढीच्या जपानी बायका घ्या, योशिको, काझुको, हिरोको, सगळ्या को. आता मुलींमध्ये ते खूपच कमी झालंय पण राजघराण्यात अजून टिकून आहे, मासाको, आइको, काको. तिथल्या पुरुषांना ‘हितो’ लागतं, अकिहितो, नारुहितो, त्या अक्षराचा अर्थ करुणा, सहृदयता.

इचिरो, जिरो, साबुरो ही तर सरळ क्रमांकाची नावं, पहिला, दुसरा, तिसरा मुलगा. पण तिथेही फसायला होतं. बेसबॉलवाला इचिरो सुझुकी घरातला दुसरा मुलगा आहे. त्याच्या नावातला ‘रो’ मुलाच्या क्रमांकाचा नाहीच, तो ‘प्रसन्न, स्वच्छ’ ह्या अर्थाचा. पुन्हा तेच, लिहिलंय कसं ते बघा!

आपल्या संस्कृतशी काही नातं असलेली नावं आहेत का?

आहेत, आणि हा माझ्या आवडीचा भाग. बौद्ध धर्म चीन-कोरियामार्गे जपानला गेला तेव्हा त्याच्याबरोबर शब्दही गेले. सारा हे मुलीचं नाव एका विशिष्ट कांजीजोडीने लिहितात, ते म्हणजे आपला शाल वृक्ष, ज्याच्या खाली बुद्धाचं महापरिनिर्वाण झालं. रुरी हे नाव आलंय वैडूर्य शब्दावरून, घासून घासून फक्त मधलं शेपूट उरलं. आपल्याकडे वैडूर्य म्हणजे लसण्या, तिकडे मात्र रुरी म्हणजे गडद निळा दगड आणि तो निळा रंग. माया हेही तिकडे मुलीचं नाव आहे, आणि कोबे शहराच्या मागे चक्क माया नावाचा डोंगर आहे, बुद्धाच्या आईच्या नावाचा.

आणखी एक गंमत. जपानी मुलं बाराखडीसारखा जो तक्ता पाठ करतात तो असा : आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतोय ना? तो क्रम संस्कृत वर्णमालेवरून बसवलेला आहे, बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपी शिकायचे त्यातून आलेला. वर्गात मी हे पहिल्याच दिवशी सांगते, पोरांची अर्धी भीती तिथेच पळते.

जुन्या जपानी नावांत ‘तोमे’, ‘सुए’ अशी नावं दिसतात, ती काय?

तोमे म्हणजे थांब, बस्स. सुए म्हणजे शेवटची. फार मुलं झाली, आता पुरे, म्हणून मुलीला ठेवलेलं नाव. वाचलं आणि मला सरळ सातारा आठवला. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात नकोशी, नकुसा अशी नावं असलेल्या २८५ मुलींना समारंभ करून नवीन नावं दिली होती. दोन देश, काही संबंध नाही, आणि आईबापाच्या मनातली गोष्ट तीच. मला ह्या नावांची यादी वाचताना कधी मजा वाटली नाही. त्या तोमे नावाच्या आजी आयुष्यभर त्या नावाने हाक ऐकत जगल्या.

पण सगळी वाईट वाटणारी नावं नकोपणातून येत नाहीत हेही सांगायला पाहिजे. सोळाव्या शतकात तोयोतोमी हिदेयोशी जपानचा सर्वेसर्वा होता, त्याला पन्नाशी उलटल्यावर मुलगा झाला, त्याचं बाळपणीचं नाव सुते, म्हणजे टाकलेला. टाकून दिलेलं मूल जगतं अशी समजूत होती. तो गेला, अगदी लहानपणीच. मग १५९३ मध्ये दुसरा झाला तर त्याचं नाव हिरोई, म्हणजे उचलून आणलेला. हाच पुढे हिदेयोरी. आता आपले दगडू, धोंडू, केरू, भिकू आठवा. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून ह्याला दगड म्हणा, केर म्हणा, म्हणजे नजर लागणार नाही आणि यमाला हवासा वाटणार नाही. ज्याच्या हातात अख्खा जपान होता तो माणूसही बाळापुढे आपल्या गावाकडच्या पणजीसारखाच घाबरलेला होता.

जपानमध्ये वाट्टेल ते नाव ठेवता येतं का?

नाही. जपानी नागरिक असलेल्या बाळाच्या नावासाठी ठरलेलीच कांजी चालतात, रोजच्या वापरातली २१३६ आणि खास नावांसाठी मान्य केलेली ८६३, शिवाय हिरागाना आणि काताकाना, म्हणजे नुसता उच्चार लिहायच्या जपानीच्या दोन लिप्या. २००४ मध्ये नावांची यादी खूप वाढवली तेव्हा स्ट्रॉबेरीचं अक्षर आत आलं, पण मसुद्यात विष्ठा, प्रेत, शाप अशीही अक्षरं होती, लोकांनी ओरड केल्यावर ती काढली.

१९९३ मध्ये तोक्योजवळच्या आकिशिमा शहरात एका जोडप्याने मुलाचं नाव आकुमा, म्हणजे सैतान, ठेवायचं म्हटलं. अक्षरं दोन्ही यादीतली होती, तरी शहर कार्यालयाने नकार दिला, देशभर वाद झाला, शेवटी दुसरं नाव ठेवावं लागलं.

त्यानंतर आली ‘किराकिरा’ म्हणजे चमचमणारी नावं, अक्षरं एक आणि उच्चार भलताच, पिकाचू सुद्धा. बिचाऱ्या शिक्षकांना हजेरी घेता येईना. २६ मे २०२५ पासून नवीन नियम लागू झालाय, कुटुंब नोंदवहीत आता नावाचा उच्चारही लिहायचा आणि तो अक्षरांना धरून असला पाहिजे. ‘उंच’चं अक्षर काढून त्याला ‘ठेंगणा’ वाचायचं, किंवा तारो लिहून जॉर्ज म्हणायचं, असलं आता चालणार नाही. मला हा नियम पटतो. नाव आईबाप ठेवतात पण ते आयुष्यभर समजावून सांगत बसायचं मुलाला असतं.

ते रेघा मोजून भविष्य बघतात म्हणे?

हो, सेइमेइ हान्दान म्हणतात. आडनाव आणि नावाच्या रेघा मोजून शुभ-अशुभ ठरवतात. आपल्याकडे नक्षत्राचं आद्याक्षर बघतात तसंच, कुणी मानतं कुणी नाही, आणि सासूबाई मानत असल्या की सगळेच मानतात.

आमचं मराठी नाव जपानमध्ये विचित्र ऐकू येईल का?

ह्याचा अनुभव घरचाच आहे. लेकीचं नाव मीरा ठरलं होतं, दोन्हीकडच्या आज्या खूश. हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, मी म्हटलं मीरा, आणि ती क्षणभर थांबली, मग अगदी हळू आवाजात म्हणाली, तुम्ही मी लांबवणार का छोटा ठेवणार? मला कळेना. मग तिने सांगितलं की लांब म्हटलं की जपानीत ‘मीइरा’ होतं, म्हणजे इजिप्तची ममी, ती पट्ट्या गुंडाळलेली. आम्ही फॉर्मवर काताकानात दोन अक्षरं लिहिली, मि आणि रा. घरी मीरा, शाळेत मिरा, एकदाही कुणी चिडवलं नाही. त्या नर्सचे मी अजून मनातल्या मनात आभार मानते.

अशी बरीच आहेत. उमा म्हणजे घोडा. ईशा म्हणजे डॉक्टर (ह्यावर तर आजोबा खूशच होतील). शिवा म्हणजे सुरकुती, हरी म्हणजे सुई, सई म्हटलं तर गेंडाही आणि अंगातलं कसबही, मिमी म्हणजे कान. ‘चिन’ने सुरू होणारी टोपणनावं मात्र शाळेत सांगू नका, लहान मुलांच्या बोलीत तो शब्द मुलग्यांच्या अवयवाला वापरतात.

पण म्हणून उमा नाव ठेवू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. लोकांना कळतं की हे परदेशी नाव आहे, आणि अर्थ विचारला की पार्वतीचं नाव आहे हे सांगायची छान संधी मिळते. ‘ल’ आणि ‘र’ तिकडे एकच, त्यामुळे अमोलचं आमोरु होणार आणि नाव व्यंजनावर संपत असेल तर शेवटी एक स्वर चिकटणारच, ते मनाला लावून घेऊ नका.

उच्चार बरोबर कसा करायचा?

इंग्रजी स्पेलिंगवरून वाचू नका, एवढंच. हारुटो नाही, हारुतो, दातांवरचा त. टोकियो पण खरं तर तोक्यो. आणि मराठी माणसाचं एक भाग्य आहे, त्सुमुगीमधला ‘त्सु’ म्हणजे आपल्या चुलीतला, चुलत्यातला चु, चुकूनही चिमणीतला च नाही. झेन, काझुमधला झ म्हणजे जुना, जोरमधला ज. ऱ्यो आणि ऱ्यू ह्या नावांत तर आपल्या वाऱ्या-ताऱ्यातला ऱ्य जसाच्या तसा बसतो. इंग्रजीतून शिकणाऱ्यांची इथे वर्षं जातात.

आम्ही दोघं भारतीय, बाळ जपानमध्ये होणार. कागदपत्रांचं काय?

जपानमध्ये जन्मल्याने जपानी नागरिकत्व मिळत नाही, ते आईबापाकडून येतं. तरी वॉर्ड ऑफिसात १४ दिवसांत जन्मनोंद करावीच लागते, आणि जन्माचा दिवस पहिला धरायचा. म्हणजे बाराव्या दिवशी बारसं करून निवांत जाऊ म्हटलं तर हातात दोनच दिवस उरतात, त्यात शनिवार-रविवार आला की धावपळ. नाव आधी ठरवून ठेवा, पाळण्यात नंतर घाला. बाळ तिथे ६० दिवसांपेक्षा जास्त राहणार असेल तर ३० दिवसांच्या आत इमिग्रेशनकडे राहण्याचा परवाना मागायचा, आणि भारतीय दूतावासात वर्षभराच्या आत नोंद. कांजीची यादी तुमच्या बाळाला लागू नाही, नाव काताकानात आणि रोमन अक्षरांत जातं. ते रोमन स्पेलिंग पासपोर्टवर पाहिजे तेच लिहा, एका ए चा फरक पडला तरी पुढे प्रत्येक फॉर्मवर छळतो.

आईबापातलं एक जपानी असेल तर गोष्ट वेगळी. मग कांजीचे नियम आले, आणि वडिलांचं नाव मधे घालायची आपली पद्धत तिकडच्या नोंदवहीत बसत नाही, मधलं नाव ही कल्पनाच नाही, आडनाव आधी आणि नाव नंतर, संपलं. अशा घरांत मी नेहमी अमी, मीना, रीना, माया ही नावं सुचवते, दोन्ही आज्यांना म्हणता येतात आणि चांगली कांजीही मिळते. बाळ भारतात झालं आणि त्याला भारतीय नागरिकत्वही मिळणार असेल तर तीन महिन्यांच्या आत जपानी दूतावासात नोंद करून, त्याच फॉर्मवर जपानी नागरिकत्व राखून ठेवत असल्याचं लिहून द्यायचं, ते राहिलं तर नागरिकत्व जातं.

त्यांच्याकडे बारसं असतं का?

असतं, सातव्या रात्री, ओशिचिया म्हणतात. पाळणा नाही, गोविंद घ्या गोपाळ घ्या नाही, कुर्रर्र करून पाठीत धपाटे नाहीत आणि आत्याचा मान तर नाहीच. जांभळट लाल भात, अख्खा मासा, आणि मेइमेइशो. मेइमेइशो म्हणजे पांढऱ्या कागदावर ब्रशने लिहिलेलं बाळाचं नाव, बाजूला जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं. तो कागद देवघरापाशी किंवा बाळाच्या उशाशी भिंतीवर लावतात आणि साधारण महिन्याने बाळाला देवळात नेतात तोवर तिथेच राहू देतात.

आमच्या शेजारच्या आजींनी मिरासाठी असा कागद लिहून दिला होता. काताकानातलं नाव ब्रशने लिहायची त्यांची पहिलीच वेळ, म्हणून आधी वर्तमानपत्रावर सराव केला म्हणाल्या. आम्ही बाराव्या दिवशी पाळण्याच्या वरच तो चिकटवला, खाली भारतातून आलेलं कुंची-बाळलेणं, फोनवर पुण्याहून आत्या कानात नाव सांगतेय. तो कागद अजून आहे, एका कोपऱ्यावर हळदीचा डाग पडलाय.